न कापलेला कॅसिओ : सर्किट बेंडिंगच्या नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

काकांचा कॅसिओ आज घरी आला. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, पण हा खरोखरचा कॅसिओ आहे. एसके-१, १९८५ चं मॉडेल. काका १९८९ मध्ये मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या बॅगेत होता. गेली कित्येक वर्षं माळ्यावर खोक्यात पडून होता. "वाजला तर ठेव, नाहीतर भंगारात दे," काका म्हणाले, पण खोकं हातातून सोडायला त्यांनी जरा वेळच लावला.

पाच पेन्सिल सेल लागतात. जुने सेल आतच फुटले होते, स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी पूड धरली होती. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसलं, बारीक पॉलिश पेपर फिरवला, नवे सेल घातले. लागला! बत्तीस छोट्या पट्ट्यांपैकी वरच्या दोन दाबूनही वाजत नाहीत, बाकी सगळं ठणठणीत.

याची खरी गंमत म्हणजे याला आवाज शिकवता येतो. वर एक छोटा माइक आहे. त्यात बोललं की तो १.४ सेकंद ऐकून घेतो आणि तोच आवाज पट्ट्यांवर खाली-वर वाजवतो. आवाजाचे सेकंदाला ९,३८० नमुने मोजायचे, प्रत्येक नमुना आठ बिटांच्या छोट्या आकड्यात साठवायचा, एका वेळी चार पट्ट्या वाजवायच्या. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण साध्या घरातल्या माणसाच्या हाती सॅम्पलर पहिल्यांदा आला तो असल्याच वाद्यांतून.

आणि म्हणूनच सर्किट बेंडिंग करणाऱ्यांचं हे अतिशय लाडकं वाद्य. मागचं झाकण उघडायचं, मेमरीच्या चिपच्या पायांना वायरी जोडायच्या, पेटीला भोकं पाडून बटणं बसवायची, आणि वाद्याच्या डोक्यात मुद्दाम गोंधळ करून द्यायचा. त्यातून निघणारे आवाज मी कित्येक वर्षं ऐकत आलेय आणि मला ते मनापासून आवडतात. पण काकांच्या पेटीला मी ड्रिल लावणार नाही.

तेव्हा ठरलं ते असं. बाजारातली स्वस्त खेळणी उघडायची, त्यांच्यावर हात बसवायचा, बिघाड नक्की काय करतो ते समजून घ्यायचं. एसके-१ मधून फक्त चांगले आवाज रेकॉर्ड करायचे. आणि 'हा कॅसिओ बेंड केला असता तर कसा वाजला असता' ते कॉम्प्युटरवर बांधायचं.

रविवार, ९ जून

सकाळी पुण्यातला जुना बाजार. पाऊस येईल येईल म्हणत लोकांनी ताडपत्र्या आधीच ओढून ठेवल्या होत्या. तीन खेळणी मिळाली : बटण दाबलं की प्राण्यांचे आवाज काढणारं पुस्तक, लहान मुलांचा मोबाइल, आणि बारा पट्ट्यांचा पिवळा पियानो. तिन्ही मिळून दीडशे रुपये. येताना तापकीर गल्लीतून एक मेगाओमचे दोन पॉट (फिरवून ओम कमी-जास्त करायच्या खुंट्या), क्रोकोडाइल पिना आणि कथील घेतलं.

या उद्योगाला सर्किट बेंडिंग हे नाव अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या रीड गझाला यांनी १९९२ मध्ये दिलं. १९६० च्या दशकात, ते शाळकरी असताना, त्यांच्या टेबलाच्या खणात एक उघडा छोटा अँप्लिफायर पडला होता. खणातल्या कसल्याशा धातूला तो टेकला, शॉर्ट झाला आणि सिंथेसायझरसारखा गाऊ लागला. चुकून झालेल्या शॉर्टमधून हे होत असेल, तर मुद्दाम केलेल्या शॉर्टमधून काय होईल? त्या प्रश्नामागे ते पुढे आयुष्यभर गेले. मला या गोष्टीतली सगळ्यात मोलाची बाब ही वाटते की त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असावं लागत नाही. कान लागतात आणि धीर लागतो.

एक नियम मात्र वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय : फक्त सेलवर चालणारी वस्तू उघडायची. भिंतीतल्या प्लगला लागणारी वस्तू कधीच नाही, ॲडाप्टरवर चालणारी असेल तर ॲडाप्टर बाजूला ठेवून. या कामात बोटं थेट सर्किटवर असतात.

रविवार, १६ जून

प्राण्यांचं पुस्तक उघडलं. आत नखाएवढा बोर्ड, त्यावर काळ्या डांबराचा एक टिपका. चिप त्या टिपक्याखाली बोर्डवरच चिकटवलेली असते, तिला पाय म्हणून नसतातच. म्हणजे मेमरीपर्यंत हात पोचायचा प्रश्नच मिटला. टिपक्याशेजारी एक रेझिस्टर, दोन कपॅसिटर, स्पीकरच्या दोन वायरी, इतकाच संसार.

गाय लावली. ओलं बोट रेझिस्टरच्या दोन टोकांवर ठेवलं, आणि गाय एकदम वासरू झाली. हाच तो रेझिस्टर. चिपच्या घड्याळाचा, म्हणजे ती ज्या ठोक्यावर नमुने वाजवते त्याचा, वेग यावर ठरतो. बोट म्हणजे दुसरा रेझिस्टरच, तो समांतर लागला की एकूण ओम कमी होतात आणि घड्याळ पळतं.

मीटरवर २१८ किलोओम भरला. तो काढला आणि त्याच्या जागी शंभर किलोओमचा पक्का रेझिस्टर व त्याच्यापुढे एक मेगाओमचा पॉट बसवला. शंभरचा मुद्दाम ठेवला, नाहीतर पॉट शून्यावर गेला की घड्याळ सुसाट सुटतं आणि चिप अडकते.

मग तासभर नुसता तो पॉट फिरवत बसले. हळूहळू डावीकडे. गाईचा हंबरडा खाली उतरत जातो, लांबतो. पाचशे किलोओमच्या पुढे तो आवाज राहत नाही, पायऱ्या ऐकू येतात, प्रत्येक नमुना वेगळा. आणि त्याच वेळी वरून एक बारीक शिट्टी खाली येऊ लागते. आधी वाटलं कानात वाजतंय. नाही, ती खेळण्यातूनच येत होती. कारण नंतर लक्षात आलं. असल्या चिपा स्पीकरला अतिशय वेगाने चालू-बंद करून आवाज काढतात. तो वेग एरवी ऐकण्याच्या पलीकडे असतो. घड्याळ मंदावलं की तोही मंदावतो आणि शिट्टी होऊन कानाच्या टप्प्यात उतरतो. हंबरडा आणि शिट्टी एकाच दोरीला बांधल्यासारखी एकदम खाली येतात. नऊशेच्या आसपास चिपने दम सोडला. सेल काढून पुन्हा घालेपर्यंत गप्प.

ही शिट्टी टिपून ठेवते. सॉफ्टवेअरमध्ये याच जागी परीक्षा होणार.

(ज्या वाद्यांत घड्याळ क्रिस्टलवर (ठरावीक वेगानेच थरथरणाऱ्या खड्यावर) चालतं तिथे रेझिस्टर बदलून भागत नाही. तिथे लोक एलटीसी१७९९ नावाची पिटुकली चिप लावून स्वतःचं घड्याळ देतात. एकाच रेझिस्टरवर १ किलोहर्ट्झपासून ३३ मेगाहर्ट्झपर्यंत. मला या खेपेला गरज पडली नाही.)

शनिवार, २२ जून

पिवळ्या पियानोवर दोन पितळी पुशपिना लावल्या आणि त्यांना घड्याळाच्या दोन टोकांशी जोडलं. आता दोन बोटं ठेवली की सूर वाकतो. दाब वाढवला की जास्त वाकतो. हार्मोनियमवर मींड येत नाही ही माझी लहानपणापासूनची हळहळ, आणि इथे दीडशे रुपयांच्या ऐवजातून ती सहज निघते.

आज दिवसभर रिपरिप. कोरड्या बोटांमधून मीटरवर पावणेदोन मेगाओम होते, खिडकीबाहेर हात धरून आल्यावर दोनशे किलोओम. म्हणजे हे वाद्य पावसाळ्यात वेगळं आणि उन्हाळ्यात वेगळं वाजणार.

मोबाइल मेला. सेलच्या वायरीत पॉट घालून व्होल्टेज उपाशी ठेवत होते. ते छान चाललं होतं : सेल संपत आल्यासारखा आवाज अडखळायचा, मध्येच सुरुवातीला उडी मारायचा. मग क्रोकोडाइल पिन सरकली आणि स्पीकरच्या ट्रान्झिस्टरला टेकली. वास आला, आवाज गेला. हेच काकांच्या पेटीत झालं असतं, हा विचार करून बराच वेळ काही हातात घेतलं नाही.

सोमवार, १ जुलै

पालख्या काल पुण्यात आल्या. दिंडीतल्या टाळांचा आवाज फोनवर घेतला आणि रात्री फोन एसके-१ च्या माइकपुढे धरला.

टाळ गेला. म्हणजे ठोका राहिला, झंकार गेला. सेकंदाला ९,३८० नमुने घेतले तर ४,६९० हर्ट्झच्या वरचं काही धरताच येत नाही, आणि टाळाचा सगळा जीव त्याच्या वरच असतो. पत्र्याच्या डब्यावर चमचा मारावा तसं काहीतरी परत आलं. पण तीच पट्टी दोन सप्तकं खाली वाजवली तेव्हा मी जागची हलले नाही. ठोका लांबून घंटेसारखा झाला, त्याच्याभोवती आठ बिटांची खरखर, देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना आवाज अंगावर येतो तसा. हे वाद्य जे गाळतं त्यापेक्षा गाळल्यावर उरलेलं जास्त बोलतं.

लाइन-आउटमधून ४८ किलोहर्ट्झवर चार आवाज घेतले : हा टाळ, एसके-१ चाच पियानो, बासरी, आणि 'ह्युमन व्हॉइस' नावाचा एक 'आ'कार. चारही परत ९,३८० वर आणून आठ बिटांत बसवले.

सॉफ्टवेअरचा पहिला प्रयत्न : रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर), त्यापुढे पिच खाली नेणारा प्लगइन, वर थोडा रँडम. ऐकायला 'लो-फाय' आहे, बेंड केलेलं नाही. गाईच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवलं तर फरक लगेच कळतो. प्लगइन चांगल्या आवाजाला मळकट कपडे चढवतो. खेळण्यात मळ वरून आलेला नसतो. तिथे यंत्र पूर्ण प्रामाणिकपणे आपलं काम करत असतं, फक्त त्याला वाट चुकीची दाखवलेली असते.

शनिवार, ६ जुलै

आवाजाची नक्कल करायचीच नाही. यंत्राची करायची. आज हे एकदाचं कागदावर उतरलं.

मेमरी म्हणजे एक लांबलचक चाळ. प्रत्येक खोलीत एक आकडा. पोस्टमन खोली क्रमांक एक, दोन, तीन असा चालत जातो, दारातून आकडा घेतो, स्पीकरला देतो. खोलीचा नंबर त्याला चौदा तारांवरून कळतो, प्रत्येक तारेवर हो किंवा नाही. या तारांना ए० ते ए१३ म्हणतात. चौदा तारांवर १६,३८४ खोल्या मावतात. बेंडिंगवाला यातल्या दोन तारा एकमेकींना जोडतो. आता दोन्हींवर 'हो' असेल तरच 'हो' पोचतं, एकीवर जरी 'नाही' आलं तरी ती दुसरीलाही खाली ओढते. पोस्टमनचं काही चुकत नाही. त्याला नंबरच चुकीचा दिसतो.

प्युअर डेटात हे बांधायला फार काही लागलं नाही. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर, ज्यात खोकी एकमेकांना जोडून आवाजाचं यंत्र (त्याला पॅच म्हणतात) बांधता येतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. १६,३८४ घरांचा एक टेबल केला आणि त्याचे चार मजले : पहिल्यावर टाळ, दुसऱ्यावर पियानो, मग बासरी, मग 'आ'. प्रत्येक मजला ४,०९६ घरांचा, म्हणजे पाऊण-एक ठोक्याएवढा, ०.४४ सेकंद. फेझर घरं मोजतो, एक्स्प्र मध्ये बिटांची जोडणी, आणि वाचायला साधा टॅबरीड. टॅबरीडचा चार-बिंदूंवाला भाऊ मुद्दाम वापरला नाही. तो दोन आकड्यांमध्ये गुळगुळीत उतार करतो. आपल्याला पायऱ्याच हव्यात.

पहिली जोडणी : ए३ ला ए१२.

पहिल्या मजल्यावर ए१२ वर कायम 'नाही', त्यामुळे ए३ सुद्धा गप्प बसते. परिणाम असा की आठ घरं वाचून झाली की तीच आठ पुन्हा वाचली जातात, पुढची आठ कोणी उघडतच नाही. दुसऱ्या मजल्यावर ए१२ 'हो' म्हणते. मग ए३ 'नाही' म्हणेल तेव्हा पोस्टमन धाडकन खालच्या मजल्यावर, 'हो' म्हणेल तेव्हा आपल्या मजल्यावर. आठ घरं टाळाची, आठ पियानोची, आठ टाळाची, आठ पियानोची. दोन वाद्यं एकमेकांत विणलेली, सेकंदाला ५८६ वेळा.

आणि ५८६ हर्ट्झ म्हणजे पांढरी दोन! जवळजवळ नेमकी. मेमरीत काहीही भरा, ही जोडणी लावली की पांढरी दोनची गुणगुण मागे उभी राहते, तंबोऱ्यासारखी. मी हे कुठेही ठरवलं नव्हतं. ते ९,३८० ला १६ ने भागल्यावर आपसूक आलं. घड्याळ हळू केलं की सगळ्याबरोबर ती गुणगुणही खाली येते.

रात्री दीडपर्यंत सगळ्या तारा एकेक करून जोडून पाहिल्या. एक गोष्ट इतकी स्वच्छ दिसली की उठून आईला सांगावीशी वाटली : खालच्या तारा सूर बिघडवतात, वरच्या तारा ताल. ए० ते ए५ मध्ये हात घातला की गुणगुण, खरखर, घोगरेपणा. ए६ ते ए८ मध्ये घुंगरासारखं थरथरणं. ए१० च्या वर गेलं की आवाज तसाच राहतो पण तुकडे मागेपुढे होतात, लय तयार होते. एक खालची आणि एक वरची जोडली की सूर आणि ताल एकाच शॉर्टमधून येतात.

आकडा वाहून नेणाऱ्या तारांमध्येही बघितलं. सगळ्यात वरचा बिट उलटा केला की आवाज फाटतो, सगळ्यात खालचा केला तर कळतसुद्धा नाही. तिथे फार रमले नाही.

रविवार, १४ जुलै

थोडी वाट वाकडी केली. बेंडिंगची गोष्ट निघाली आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं स्पीक अँड स्पेल आलं नाही असं होत नाही. १९७८ चं ते लाल खेळणं मुलांना शब्द बोलून दाखवायचं आणि स्पेलिंग विचारायचं. गझाला यांनी त्याचंच 'इनकँटर' केलं. माझ्याकडे ते नाही, पण त्याचं बोलणं कसं बांधलंय ते पूर्ण माहीत झालेलं आहे, त्यामुळे बांधून बघता येतं.

त्यात आवाजाचे नमुने साठवलेलेच नाहीत. साठवलेला आहे तो घशाचा आणि तोंडाचा आकार. दर २५ मिलिसेकंदांना एक चौकट : आवाज किती मोठा (४ बिट), मागचीच चौकट पुन्हा वापरायची का (१ बिट), सूर कोणता (५ बिट), आणि मग तोंडाच्या पोकळीचे दहा आकडे. स्वरासाठी सगळे मिळून ४९ बिट. 'स', 'श' सारख्या घर्षणाच्या आवाजाला चारच आकडे पुरतात, तिथे २८ बिट. शांततेला फक्त चार. शेवट आला हे सांगायला मोठेपणाच्या जागी १५.

आता बघा, चौकटींची लांबी कमी-जास्त आहे आणि मध्ये कुंपण नाही. एक बिट जरी निसटला तरी तिथून पुढचं सगळं एका घराने सरकतं. मोठेपणाच्या जागी सूर वाचला जातो, सुराच्या जागी तोंडाचा आकार. आणि 'शेवट' ही खूण जिथे असायला हवी तिथे सापडतच नाही, म्हणून यंत्र बोलणं थांबवत नाही. बेंड केलेलं स्पीक अँड स्पेल बडबडत का सुटतं याचं उत्तर एवढंच आहे.

'पाऊस' हा शब्द माझ्या आवाजात घेतला, पायथॉनमध्ये अशा चौकटींत बसवला. आधी नीट वाजवला : 'पाऊ' स्वच्छ, 'स' जेमतेम, कारण सेकंदाला ८,००० नमुन्यांत 'स' ची धार शिल्लक राहत नाही. मग 'ऊ' च्या मध्यावर एक बिट काढून टाकला. 'पा' माझा. 'ऊ' अर्धा माझा. त्यानंतर कुणी तरी भलतीच भाषा बोलायला लागलं, मला न येणारी, पण माझ्याच घशातून. मागे मेमरीत आणखी वीस शब्द भरले होते, त्या सगळ्यांतून ते बोलत गेलं आणि अकरा सेकंदांनी योगायोगाने कुठेतरी १५ भेटल्यावर थांबलं. अंगावर काटा आला. पुन्हा लावलं.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर कोसळतोय. पहाटेपासून वीज नाही, रस्त्यावर पाणी. काम नाही. सगळी खेळणी आणि काकांची पेटी वरच्या फडताळात नेऊन ठेवली.

शनिवार, २७ जुलै

शिट्टीशी आज दिवसभर झगडले.

पॅचमध्ये घड्याळ वर-खाली करताना मागे एक कचकचाट येत होता, आणि तो उलटा चालत होता. घड्याळ वाढवलं की कचकच खाली यायची. खेळण्यात असं कधीच होत नाही. तिथे शिट्टी आणि आवाज एका दोरीला बांधलेले. कारण असं : कॉम्प्युटरचा स्वतःचा वेग ४८,००० वर पक्का आहे. माझ्या कल्पनेतल्या चिपची पायरी त्याच्या दोन नमुन्यांच्या मध्ये कुठेही पडू शकते, आणि २४,००० हर्ट्झच्या वरचं जे काही तयार होतं ते आरशात आपटल्यासारखं दुमडून खाली येतं.

उपाय : चिपचा भाग वेगळ्या सबपॅचमध्ये नेला आणि ब्लॉक नावाच्या खोक्याच्या साहाय्याने तेवढाच आठपट वेगाने, ३,८४,००० वर चालवला. बाहेर येताना प्युअर डेटा मधले नमुने नुसते टाकून देतो, गाळत नाही, म्हणून आतच वरचे सूर गाळणारे लो-पास लागोपाठ चार बसवले. लॅपटॉपचा पंखा किंचाळतोय, पण कचकच गेली. मग शिट्टी स्वतंत्र बांधली, घड्याळाच्याच आकड्याला ठरावीक पटीने गुणून. आता पॉट डावीकडे नेला की आवाज आणि शिट्टी एकत्र उतरतात.

शेवटचा अडथळा स्पीकर. खेळण्याच्या आवाजात निम्मं तरी त्या दोन इंची स्पीकरचं आणि पोकळ प्लास्टिकचं देणं असतं. एसके-१ च्या स्पीकरमधून खालून वरपर्यंत सरकणारा सूर काढायचा तर त्याच्या आत वायर जोडावी लागली असती, ते केलं नाही. पिवळ्या पियानोचा स्पीकर सोडवून त्याच्या पेटीतच ठेवून मोजला आणि तो ठसा रीपरच्या रीव्हर्बमध्ये (आवाजाला एखाद्या जागेचा गुण देणाऱ्या प्लगइनमध्ये) भरला. एका क्षणात आवाज स्क्रीनवरून उठून टेबलावर येऊन बसला.

रविवार, ४ ऑगस्ट

रँडम काढून टाकला. सगळीकडचा.

बेंडिंगचा आवाज बेभरवशाचा असतो म्हणून मी आतापर्यंत जागोजागी फासे टाकत होते : तार कधी जुळेल, किती वेळ, कोणती. तो आवाज फाशांसारखाच यायचा, आणि दहा मिनिटांत कंटाळा. आज पिवळ्या पियानोशी परत बसले आणि नीट लक्ष दिलं. तिथे काहीच यदृच्छेने होत नाही. त्याच क्षणी तीच तार टेकली तर तेच होतं. फक्त 'तोच क्षण' माणसाला पुन्हा पकडता येत नाही. सगळा बेभरवसा बोटात आहे, चिपमध्ये नाही.

म्हणून बोट आत आणलं. त्याच दोन पितळी पुशपिना अर्डुइनोला (बाहेरचे आकडे वाचून कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडल्या, मध्ये एक मेगाओमचा रेझिस्टर. अर्डुइनो एक वाचन साधारण शंभर मायक्रोसेकंदांत करतो, त्यामुळे टेकण्याची बारीक थरथरही दिसते. चाळीस वेळा टेकून बघितलं. आपल्याला वाटतं आपण एकदा टेकलो, पण आकड्यांत बोट आधी तीन-चारदा निसटतं, मग घट्ट बसतं, सुटतानाही पुन्हा तडफडतं. त्या तडफडीतच पत्ता दहा-बारा वेळा बदलून जातो. बेंड केलेल्या वाद्याचा तो सुरुवातीचा 'टर्र' इथून येतो. मी महिनाभर तो एन्व्हलपने (आवाजाच्या चढ-उताराच्या आखणीने) रंगवायला बघत होते.

आता पुशपिना थेट पॅचमधल्या तारा जोडतात. ओल्या बोटाने जास्त वेळ, कोरड्याने तुटक. घड्याळालाही दाब जोडलाय. पॅचला मला आता हात लावावासा वाटतो, माऊस नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

काका आले. आल्या आल्या पेटी उलटी करून मागचे स्क्रू बघितले, एकेकावरून अंगठा फिरवला. "उघडलीस?"

"नाही काका. फक्त सेलच्या जागी साफ केलं."

मग बसून वाजवलं त्यांनी. मस्कतला एका खोलीत आठ जण राहायचे, रात्री जेवणं झाली की एकेक जण माइकमध्ये आपल्या गावाचं नाव बोलायचा आणि बाकीचे ते पट्ट्यांवर वाजवायचे. कणकवली सगळ्यात छान वाजायची म्हणाले, शेवटचा 'ली' वरच्या पट्टीवर लांबवता यायचा. हे आमच्या घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं.

"बोला ना आत्ता," म्हटलं.

"काय बोलू अगं?"

"कणकवली."

१.४ सेकंदांत बसलं. लाइन-आउटमधून घेतलं, टाळाच्या वरच्या मजल्यावर, पियानोच्या जागी भरलं, ए३ ला ए१२ जोडली. काकांना पुशपिनांवर बोटं ठेवायला सांगितली. त्यांनी आधी बिचकून एकच ठेवलं, काही झालं नाही. दुसरं ठेवलं आणि कणकवली टाळात विणली गेली, खाली पांढरी दोन. त्यांनी हात झटकन काढला. मग पुन्हा ठेवला, यावेळी सावकाश, आणि दाब वाढवत घड्याळ खाली नेलं. 'ली' लांबत गेला, पायऱ्या मोजता येतील इतका, आणि वरून शिट्टी खाली येऊन त्याच्याशेजारी थांबली.

"ही शिट्टी कुठून येते?" त्यांनी विचारलं.

कागद घेतला, चाळ काढून दाखवली. तासभर झाला, चहा दोनदा गरम करावा लागला. पॅच 'कणकवली-ए३-ए१२' या नावाने जतन केलाय. वरच्या दोन न वाजणाऱ्या पट्ट्या काका पुढच्या शनिवारी स्वतः उघडून बघणार आहेत, मी फक्त स्क्रूड्रायव्हर द्यायचा.